दोन रिटर्न, एकच ताव

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "मी अनुदानित शाळेत शिकवते. माझे यजमान कुंडईच्या कारखान्यातून निवृत्त झाले. मिळालेले पैसे त्यांच्या नावे एफडीत आहेत, एक फ्लॅट भाड्याने दिलाय. रिटर्न आम्ही घरीच भरतो, दोघांचंही आयटीआर-१. जुलै लागला की घरात धुसफूस ठरलेली. यंदा कुणीतरी सांगितलं, गोव्यात व्याज नवरा-बायकोत अर्धं-अर्धं दाखवायचं असतं, म्हणून यांच्या रिटर्नमध्ये अर्धंच दाखवलं. आता पत्र आलंय की व्याज कमी दाखवलंत. माझी झोप उडाली आहे. डोक्याला ताप न होता हे काम कसं करायचं?"

ताई, आधी पत्राचं बोलू, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तुमच्याकडे आलेली ही चौकशी नव्हे. बंगळूरच्या प्रक्रिया केंद्रातला संगणक रिटर्नमधला आकडा बँकेने कळवलेल्या आकड्याशी ताडून बघतो आणि फरक दिसला की कलम १४३(१)(ए) खाली विचारतो, हा फरक कसला? उत्तराला ३० दिवस असतात. भाऊंनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, व्याज अर्धं दाखवलं ते बरोबरच केलं. पण उरलेलं अर्धं कुठे गेलं हे कुणी सांगितलंच नाही. आयटीआर-१ या सोप्या फॉर्ममध्ये ते सांगायला जागा नाही आणि तुमच्या रिटर्नमध्ये ते आलं नाही. बँक म्हणते एवढं व्याज दिलं, घर म्हणतं त्याच्या निम्मं मिळालं. मग संगणक विचारणारच.

मी फोंड्यात २२ वर्षं लोकांची रिटर्नं भरते. फॉर्म कठीण असतो म्हणून ताप होतो अशी बहुतेकांची समजूत आहे. माझा अनुभव निराळा आहे. गोव्यात निम्मा ताप होतो तो नवरा-बायको दोघंही आपापलं रिटर्न परक्या माणसासारखं भरतात म्हणून. त्याचं वेगळं, हिचं वेगळं; त्याचं तीस जुलैला, हिचं जमेल तेव्हा. पुण्या-मुंबईत हे चालतं. तिथे नवऱ्याने बायकोच्या नावे एफडी ठेवली तर व्याज परत नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, विषय संपला. आपल्याकडे कायदाच वेगळा आहे. म्हणून यूट्यूबवरचे ते दहा मिनिटांत रिटर्न भरून दाखवणारे व्हिडिओ गोंयकारांनी जरा जपूनच बघावेत. ते खोटं सांगत नाहीत, पण ते आपल्यासाठी नसतात.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्यातलं आपल्यासाठीचं कलम म्हणजे ५ए. १९९४च्या वित्त कायद्याने ते घातलं आणि १ एप्रिल १९६३पासून लागू धरलं. म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर प्राप्तिकर इथे आला, तिथपासून. कलमातच पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या 'कोमुन्यांव दोस बेन्स'चं नाव घेतलं आहे, म्हणजे पती-पत्नीची सामायिक मालमत्ता. तुम्ही दोघांनी लग्नाआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही केली, मग दुसरी सही केली, आणि मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार लग्नाआधी केला नाही, तर तुमची मालमत्ता सामायिक झाली. माहेरहून किंवा सासरहून वारशाने आलेलीसुद्धा. म्हणून तर गोव्यात जमीन नवऱ्याच्या नावे असली तरी विक्रीखतावर बायकोची सही लागते. प्राप्तिकर कायद्याने फक्त तेच धोरण पुढे नेलं: घरभाडं, धंद्याचा नफा, भांडवली नफा आणि व्याज-लाभांशासारखं इतर उत्पन्न दोघांचं एकत्र करा आणि निम्मं-निम्मं वाटा. पगार मात्र ज्याचा त्याचा. तो वाटायचा नाही.

इथे एक खुलासा करते, कारण दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं. पेन्शनही कायद्याच्या लेखी पगारच. भाऊंना भविष्य निर्वाह निधीतून जी पेन्शन येते ती त्यांचीच, तिचा अर्धा भाग तुमच्याकडे येत नाही. आणि नुसतं गोव्यात राहायला आलं म्हणून कुणी ५एमध्ये येत नाही. बेळगावहून नोकरीसाठी आलेलं जोडपं पर्वरीत वीस वर्षं राहिलं तरी त्यांचं लग्न आपल्या कायद्याखालचं होत नाही. शंका असेल तर लग्नाचा दाखला एकदा वकिलाला दाखवून घ्या. हा प्रश्न आयुष्यात एकदाच सोडवायचा असतो.

आता तावावर येऊ. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला आधी एक रेघी ताव देते, प्राप्तिकर खात्याचं पोर्टल नंतर. मधोमध उभी रेघ, डावीकडे त्यांचं नाव, उजवीकडे तिचं. तुमच्या पत्रात सगळे आकडे नाहीत, म्हणून तुमच्यासारख्याच एका घराचे आकडे मनाने धरून सांगते. वर्ष २०२५-२६ धरू, म्हणजे जुलै २०२६मध्ये भरायचं रिटर्न.

वरच्या भागात पगार आणि पेन्शन. तिचा पगार ९,६०,००० रुपये, त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट, उरले ८,८५,०००. त्यांची पेन्शन महिना ३,०००, वर्षाची ३६,०००. प्रमाणित वजावटही तेवढीच, म्हणून उरलं शून्य. त्याखाली आडवी रेघ मारायची, जाड. रेघेच्या वरचं कुणी कुणाला द्यायचं नाही.

रेघेखाली सामायिक. त्यांच्या एफडीचं व्याज ४,८०,०००, त्यावर बँकेने आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, ४८,०००. तिच्या बचत खात्याचं व्याज ६,०००, एफडीचं २४,०००. बेरीज ५,१०,०००, निम्मे २,५५,०००. फ्लॅटचं भाडं महिना १२,०००, वर्षाचं १,४४,०००, नगरपालिकेची घरपट्टी ४,००० भरलेली, ती वजा, राहिले १,४०,०००, त्यातून ३० टक्के कायद्यानेच वजा होतात, म्हणजे ४२,०००, उरले ९८,०००. निम्मे ४९,०००. आणि टीडीएससुद्धा निम्मा: २४,००० त्यांचा, २४,००० तिचा. हा टीडीएस वाटायचा राहतो आणि तिथेच पुष्कळांचं घोडं अडतं. उत्पन्न अर्धं दाखवतात आणि टीडीएस पूर्ण मागतात. तुमच्या घरीही बहुतेक हेच झालं असणार.

आता बेरीज. तिची: ८,८५,००० अधिक २,५५,००० अधिक ४९,०००, एकूण ११,८९,०००. त्यांची: २,५५,००० अधिक ४९,०००, एकूण ३,०४,०००. नव्या करपद्धतीत २०२५-२६साठी पहिले ४ लाख करमुक्त आहेत आणि १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर करात सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे दोघांचाही कर शून्य आणि दोघांनाही २४,००० परत. ताव संपला. पाऊण तास लागतो, तोही चहासकट.

पण तिचा आकडा बघा, १२ लाखांच्या किती जवळ आलाय. समजा भाऊंनी आणखी एक एफडी ठेवली आणि व्याज ३०,०००ने वाढलं. त्यातले १५,००० तिच्याकडे, बेरीज १२,०४,०००. सीमा ओलांडली. घाबरायचं कारण नाही, कारण सीमेच्या जरासं वर गेल्यास कर त्या वरच्या रकमेपुरताच लागतो: ४,००० रुपये आणि वर ४ टक्के उपकर, ४,१६०. पण बघा, एफडी नवऱ्याने ठेवली, कर बायकोला लागला, आणि तिच्या शाळेच्या हिशेबनिसाला यातलं काहीच माहीत नाही. वाढ याहून मोठी असेल तर आणखी एक गोष्ट होते. टीडीएस जाऊन १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरणार असेल तर तो वर्षातच आगाऊ भरायचा असतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या टप्प्यांत. नाही भरला तर व्याज. साठीपुढच्या माणसाला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कराची सक्ती नाही. पण भाऊ साठीपुढचे आहेत आणि तुम्ही नाही. त्यांच्या एफडीचं अर्धं व्याज तुमच्या खांद्यावर आलं की ती सवलत तुम्हाला लागू होत नाही. घराघरांत भांडण इथून सुरू होतं, असं मी पाहिलंय. 'तुझ्या एफडीपायी मला व्याज का?'

यावर साधा उपाय आहे. जानेवारीत शाळेच्या कार्यालयात आपलं इतर उत्पन्न लेखी कळवा, आणि त्यावर कापलेला टीडीएसही. ते धरून शेवटच्या महिन्यांच्या पगारातून कर कापता येतो. मग मार्चमध्ये शिगम्याच्या धामधुमीत चलन भरायला धावावं लागत नाही. शिक्षकांना हे सांगायचा संकोच वाटतो, 'हेडबाईंना आमच्या एफडी कशाला कळायला हव्यात' म्हणून. त्यांचा प्रश्न. मग स्वतः चलन भरायचं.

काम केव्हा करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे: एप्रिलमध्ये नाही आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही नाही. एप्रिलमध्ये घाई करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बँका शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचं विवरण ३१ मेपर्यंत भरतात, टीडीएसचे दाखले १५ जूनपर्यंत देतात. त्याआधी पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण, अर्धवट असतं. अर्धवट आकड्यांवर भरलेलं रिटर्न पुन्हा सुधारावं लागतं. मी माझ्या लोकांना सांगते, सांजाव झाला की बसा. २४ जूनला पोरं विहिरीत उड्या मारून झाली, की पुढच्या शनिवारी तुम्ही ताव घ्या. माशेलच्या चिखलकाल्यापर्यंत, म्हणजे आषाढी एकादशीच्या सुमारास, दोघांचीही रिटर्नं गेलेली असली पाहिजेत. २०२५मध्ये मुदत ३१ जुलैवरून आधी १५ सप्टेंबर झाली आणि मग शेवटच्या क्षणी एक दिवस वाढून १६. त्या दिवशी माझ्या दुकानात रात्री साडेदहाला सात माणसं बसली होती, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर तीन आठवडे मिळूनही. मुदत वाढली की काम पुढे सरकतं एवढंच, ताप कमी होत नाही. उशीर झाला तर ५,००० रुपये शुल्क, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००, आणि कर बाकी असेल तर महिन्याला १ टक्का व्याज वेगळं.

एआयएसबद्दल दोन गोष्टी. ती फाइल उघडायला पासवर्ड लागतो: आपला पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष. हे कळलं नाही म्हणून लोक माझ्याकडे बंद फाइल घेऊन येतात. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. एआयएसमध्ये आहे तेच तुमचं उत्पन्न, असं समजू नका. संयुक्त खात्याचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं. छोट्या पतसंस्थेतलं, पोस्टातलं व्याज कधी दिसतं, कधी नाही. गावच्या सोसायटीत पाच-सहा लाख ठेवलेले असतात आणि त्याचं व्याज रिटर्नमध्ये नाही, हे मी सर्रास बघते. म्हणून प्रत्येक बँक, पतसंस्था, पोस्ट यांच्याकडून व्याजाचा दाखला मागून घ्यायचा. मी एका घरात बघितलं, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. वर्षभर त्यात घरपट्टीची पावती, विम्याची पावती, एफडीच्या नव्या पावत्या टाकत राहतात. जूनमध्ये डबा उपडा करायचा आणि तावावर मांडायचं. त्या घरचं काम माझ्याकडे सगळ्यांत आधी संपतं. तुम्ही प्लास्टिकची फाइल वापरा, गूगल ड्राइव्ह वापरा, पण जागा दोघांची एकच हवी.

आता फॉर्म. ज्यांचं उत्पन्न ५एप्रमाणे वाटायचं आहे त्यांना आयटीआर-१ चालत नाही आणि आयटीआर-४ही चालत नाही. तुम्हा दोघांसाठी आयटीआर-२. सुरुवातीलाच फॉर्म विचारतो, तुम्हाला पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का? तिथे 'हो' म्हटलं की ५एचं परिशिष्ट उघडतं. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन, आधार आणि उत्पन्नाच्या ओळी: घर, भांडवली नफा, इतर. प्रत्येक ओळीत मिळालेली रक्कम, त्यातला जोडीदाराचा वाटा, कापलेला टीडीएस, त्यातला जोडीदाराचा वाटा. ताव समोर असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे, कारण परिशिष्टात विचारतात ते सगळं तावावर आहेच. टीडीएसच्या पानावर भाऊंनी आपले २४,००० घ्यायचे आणि २४,००० तुमच्या पॅनकडे सोडायचे. तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये ते जोडीदाराकडून आलेले म्हणून, त्यांचा पॅन घालून घ्यायचे. दोन्ही रिटर्नं एकाच बैठकीत, लागोपाठ, एकाच तावावरून. आकडा रुपयाला रुपया जुळला पाहिजे.

हे मी शिकले ते चूक करूनच. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याचं काम होतं. नवऱ्याचं रिटर्न मी वेळेत भरलं, अर्धा टीडीएस बायकोकडे सोडला. बायकोचं भरायला बसले तर ओटीपी येईना. तिचा आधार जोडलेला होता दिराच्या जुन्या नंबरला, दीर कुवेतला, आणि तो नंबर केव्हाच बंद. 'येईल नंतर' म्हणत राहिले आणि मुदत गेली. बायकोचं उत्पन्न करपात्र नव्हतं म्हणून मीही मनावर घेतलं नाही. पण तिच्याकडे सोडलेला टीडीएस लोंबकळत राहिला. ना त्याला मिळाला, ना तिला. पुढे महिने गेले त्यात. मी त्यांच्याकडून फी घेतली नाही, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं 'शिकलेली बाई आणि असं कसं?' अजून आठवतं. तेव्हापासून ताव हातात द्यायच्या आधी मी दोघांचे फोन टेबलावर ठेवायला सांगते. आधारला कुठला नंबर आहे? बँकेत कुठला? पोर्टलवर कुठला? पॅन आणि आधार जोडलेत का? नसतील तर पॅन निष्क्रिय होतो, परतावा अडकतो आणि टीडीएस जास्त दराने कापला जातो.

गोव्यातल्या बायकांचं आणखी एक दुखणं असतं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. परतावा येतो तो पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच, आणि ती पडताळणी नाव जुळलं नाही की अडते. एखाद्या रिकाम्या महिन्यात, डिसेंबरात वगैरे, हे एकदा सरळ करून घ्या. रिटर्नपेक्षा हे काम मोठं आहे आणि जुलैत होत नाही.

आणि रिटर्न पाठवलं की काम झालं नाही. ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते, आधारच्या ओटीपीने एका मिनिटात होते. ती विसरली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. दोघांची पडताळणी झाल्याशिवाय मी खुर्चीतून उठू देत नाही.

जुनी पद्धत की नवी, हा प्रश्न लोक माझ्याकडे सगळ्यात मोठा म्हणून आणतात. मला तो आता तेवढा मोठा वाटत नाही. नवी पद्धत न सांगताही लागू होते. घराचं मोठं कर्ज, विमा, भविष्य निर्वाह निधी असं बरंच असेल तर जुनी मांडून बघा. पोर्टल दोन्हींचा हिशेब करून दाखवतं. नवरा आणि बायको वेगवेगळी पद्धत निवडू शकतात. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी बदलताही येते, फक्त रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. झालं.

ज्यांच्या घरी दुकान, गाडा, रेंट-अ-बाइक किंवा पाहुण्यांना दिलेल्या खोल्या आहेत त्यांचं जरा निराळं. इतर राज्यांत छोट्या धंद्याला आयटीआर-४ची सोपी वाट आहे. आपल्याकडे धंद्याचा नफाही वाटायचा, म्हणून आयटीआर-३. ते मात्र कुणा जाणकाराकडून भरून घ्या, दोन हजार वाचवायच्या नादात लागू नका. फर्मचे हिशेब लेखापरीक्षेत जात असतील तर भागीदाराची मुदत ३१ ऑक्टोबर असते, आणि ५ए लागू असलेल्या त्याच्या बायकोलाही तीच. हे २०२१पासून कायद्यातच आलंय, पण अजून कित्येक बायका जुलैत धावतात.

तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, घरी मी नेहमी सांगते, दिवस मोजा. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि पासपोर्टवरचे शिक्के बघून वर्षात भारतात किती दिवस होतात ते लिहा. १८२ दिवसांच्या आत असतील तर बहुतेकांना अनिवासी ठरता येतं, आणि परदेशी जाणाऱ्या जहाजावरचा पगार अनिवासींसाठीच्या एनआरई खात्यात जमा झाला एवढ्याने इथे करपात्र होत नाही. २०१७च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय. पण इथल्या फ्लॅटचं भाडं आणि साध्या एफडीचं व्याज करपात्रच, आणि तेही घरच्या बायकोशी निम्मं. ओटीपीचा गोंधळ त्यांच्याकडे सगळ्यात जास्त. नवरा जहाजावर, नंबर त्याच्याकडे, रेंज नाही. सुट्टीवर घरी आला की तेवढ्यातच काम उरकून घ्यायचं.

कुळागर असेल, माड-पोफळी असतील, तर शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण ५,०००च्या वर असेल तर तसंही आयटीआर-१ चालत नाही, रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. काजूच्या बिया विकल्या ती शेती. बोंडांची हुर्राक-फेणी काढली तो धंदा. यावर माझ्याकडे दर मार्चमध्ये कुणी ना कुणी वाद घालतं.

सावध राहायचं ते टक्केवारीवर परतावा मिळवून देणाऱ्यांपासून. कारखान्यांच्या फाटकाबाहेर, व्हॉट्सअ‍ॅपवर हे लोक भेटतात. खोट्या देणग्या, खोटं घरभाडं दाखवतात आणि परताव्यातला हिस्सा घेतात. जुलै २०२५मध्ये खात्याने देशभर अशांच्या १५० ठिकाणी तपासणी केली. पत्र त्यांना येत नाही, ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याला येतं. 'तुमचा परतावा मंजूर, इथे दाबा' असे एसएमएसही तसलेच. काही खरं असेल तर ते पोर्टलवर आपल्या खात्यात दिसतंच, दुसरीकडे बघायची गरज नाही.

आता तुमचं आत्ताचं काम, ताई. पत्राची तारीख बघा आणि ३० दिवस मोजा, कॅलेंडरवर खूण करा. २०२४-२५चा ताव आजच मांडा, वर सांगितल्यासारखा. दोघांचीही सुधारित रिटर्नं आयटीआर-२मध्ये भरा. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५, पण पत्राच्या मुदतीआधी भरलेली बरी. मग पोर्टलवर त्या पत्राला उत्तर द्या की कलम ५ए लागू आहे, अर्धं उत्पन्न पत्नीच्या रिटर्नमध्ये दाखवलं आहे, आणि दोन्ही सुधारित रिटर्नांचे पावती क्रमांक लिहा. २०२४-२५चे दर वेगळे होते, करसूट ७ लाखांपर्यंतच होती, तेव्हा अर्ध्या व्याजामुळे तुमच्यावर थोडा कर निघेल. भाऊंच्या टीडीएसमधला तुमचा वाटा त्यातून वळता होईल. उरलेला व्याजासकट चलनाने भरा आणि मगच रिटर्न पाठवा. भाऊंचा कर कमी होईल, तुमचा वाढेल. तो कुणाच्या खात्यातून जायचा ते तुम्ही घरी ठरवा, कायदा त्यात पडत नाही.

बसायच्या आदल्या दिवशी दोघांच्या आधारला कुठला नंबर आहे ते तेवढं बघून घ्या. भाऊंचा जुना कारखान्यातला असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून आणा, मगच ताव काढा.